सोडून दिलेला मासा

शुभवर्तमानांत जाळी पुष्कळदा येतात. गळ मात्र एकदाच येतो. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात मंदिराच्या कराचा प्रश्न निघतो, तेव्हा प्रभू येशू पेत्राला सरोवरावर जाऊन गळ टाकायला आणि वर येणारा पहिला मासा धरायला सांगतो. त्या माशाच्या तोंडात नाणे सापडते आणि दोघांचाही कर भागतो. सेमिनरीत असताना आम्ही या उताऱ्यावर कराविषयी, मंदिराविषयी, पुत्राच्या स्वातंत्र्याविषयी तासन्‌तास चर्चा केली. माशाविषयी कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. मी वसईच्या बावखलांच्या काठी वाढलेला, आजोबांच्या शेजारी बसून गरवायला शिकलेला. त्यामुळे मला एक गोष्ट तेव्हापासून जाणवत आली आहे. जन्मभर जाळी ओढलेल्या कोळ्याला प्रभूने त्या दिवशी जाळे टाकायला सांगितले नाही. गरज एका माशाची होती, म्हणून एकच मासा मागितला.

हा उतारा काही वर्षांपूर्वी भंडारदऱ्याच्या काठावर मला पुन्हा आठवला, आणि तो आठवावा अशा सुखद प्रसंगी नव्हे.

जूनचा पहिला पाऊस होऊन गेला होता. पूर्वीच्या धर्मग्रामातले दोन स्नेही बरोबर होते. दोघांनाही गळाचा शौक, आणि माझ्याही हाताला बालपणीची खाज होतीच. शेंडी गावाच्या बाजूला काठावर आम्ही बसलो. समोर ढगांत बुडालेले डोंगर, पाण्यावर वाऱ्याच्या बारीक रेषा. तासाभराने माझी काठी वाकली. हातभर लांबीचा रोहू होता. तो दमेपर्यंत मी त्याला खेळवला. शौकिनांच्या भाषेत याला ‘खेळवणे’ म्हणतात. मग तो काठावरच्या गवतावर ठेवला, गळ काढला, एकाने मोबाईलवर माझे छायाचित्र घेतले, ते बरे आले नाही म्हणून दुसरे घेतले, आणि मग मोठ्या समाधानाने मी त्याला परत पाण्यात सोडला. पोट फुगीर होते. अंड्यांनी भरलेली ती मादी होती हे तेव्हाच कळायला हवे होते. पाण्यात गेल्यावर ती दोन हात पुढे सरकली, कलंडली आणि पांढरे पोट वर करून तरंगू लागली.

गुरे घेऊन आलेला एक दहा-बारा वर्षांचा ठाकराचा मुलगा हे सगळे पाहत उभा होता. तो म्हणाला, “बाबा, खायाचा नव्हता, तर मंग धरला कशाला?”

पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी प्रवचने देत आलो आहे. त्या मुलाला देण्याजोगे एक वाक्य मला सुचले नाही.

वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. पोटासाठी मासा मारणाऱ्या माणसाला नीतिशास्त्राने कधी दोषी ठरवलेले नाही. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्य सरोवराच्या काठी स्वतः निखाऱ्यांवर मासे भाजले होते. वसई, अर्नाळा, नायगावच्या आपल्या कोळी बांधवांच्या घामावर आपली किती तरी कुटुंबे जेवली आहेत. पण केवळ मौजेसाठी एका जिवाच्या ओठात लोखंड रुतवणे, त्याला जीवाच्या आकांताने धडपडायला लावणे आणि मग ‘मी सोडून देतो, म्हणजे मी दयाळू’ असे म्हणणे, हे कितपत खरे आहे? माशाला वेदना होतात की नाही, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. 2003 साली ब्रिटनमध्ये ट्राउट माशांवर झालेल्या प्रयोगांत त्यांच्या तोंडाभोवती इजा जाणणाऱ्या चेतातंतूंची टोके आढळली, आणि त्यानंतर ‘माशाला काही कळत नाही’ असे बेधडक म्हणणे अवघड झाले. प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे आहे, असे 1992 सालच्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात म्हटले आहे. ‘विनाकारण’ हा शब्द येथे महत्त्वाचा. छायाचित्र हे कारण होऊ शकते काय?

याच ग्रंथातली आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात सहसा येत नाही. सृष्टीचा आदर राखण्याविषयीची शिकवण तेथे ‘खून करू नको’ या आज्ञेखाली घातलेली नाही. ती सातव्या आज्ञेखाली, ‘चोरी करू नको’ या आज्ञेखाली आहे. मी हे सेमिनरीत शिकलो, वर्गांत शिकवलेही. पण त्याचा अर्थ मला भंडारदऱ्याला उमगला. त्या मेलेल्या मादीच्या बाबतीत मी क्रूर होतो की नव्हतो, यावर वाद घालता येईल. मी चोर होतो, यावर वाद घालता येणार नाही.

तो मासा माझा नव्हता. राज्यातल्या बहुतेक जलाशयांत कटला, रोहू, मृगळ हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले मासे बीज सोडून वाढवले जातात, आणि मासेमारीचा हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने देण्याची पद्धत आहे. कोणीतरी पैसे मोजून ते बीज आणलेले असते, आणि कोणाच्या तरी चुलीचा हिशेब त्यावर असतो. काठी टाकण्यापूर्वी कोणाला विचारावे, हा विचार आम्हां तिघांपैकी एकाच्याही मनात आला नव्हता. जलाशयाभोवतीचा पुष्कळसा मुलूख 1986 साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. तेथे वनखात्याला विचारल्याशिवाय गळ टाकणे हा कायद्याचाही प्रश्न आहे.

आणि ते पाणी तरी कोणाचे? रतनगडावर उगम पावलेली प्रवरा येथे अडवली गेली आणि 1926 साली सुमारे 270 फूट उंचीचे धरण पुरे झाले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. सुमारे 11 टीएमसी पाणी येथे साठते आणि कालव्यांनी खाली अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या रानांत जाते. त्या कालव्यांच्या काठच्या गावोगावी आपली कॅथलिक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहेत. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेसाठी दरवर्षी हजारो भाविक जमतात. त्या साऱ्या टापूचा ऊस, विहिरी आणि पाणवठे याच पाण्याशी बांधलेले आहेत. भंडारदऱ्याचे पाणी ही म्हणूनच आपल्या घरचीच गोष्ट आहे.

धरणाने माणसांना पाणी दिले, माशांपुढे मात्र भिंत उभी केली. खरे तर निसर्गानेही तेथे एक भिंत घातलेली आहे: धरणाखाली काही मैलांवर प्रवरा रंध्याच्या कड्यावरून कोसळते, आणि तो कडा चढून येणे कोणत्याच माशाला जमणारे नाही. त्याच्या वर माणसाने आपली भिंत घातली. म्हणजे जलाशयातल्या स्थानिक माशांचा प्रपंच आता आतल्या आतच चालतो. ज्यांना अंडी घालायला वाहते, उथळ, खडकाळ पाणी हवे, त्यांना रतनवाडी आणि घाटघरच्या अंगाने येणारे ओढे तेवढे उरले. ते ओढे पावसाळ्याच्या तोंडाशी वाहू लागतात, आणि नेमके तेव्हाच आम्ही शहरी लोक तेथे जातो. आधी काजवे पाहायला, मग धबधबे पाहायला. (काजवे पाहायला गाड्यांचे झगझगीत दिवे लावून जाणाऱ्यांविषयी मी वेगळा लेख लिहीन म्हणतो.)

पहिल्या पावसात मासे उलट्या प्रवाहाने चढतात. त्याला आपल्याकडे वलगण म्हणतात. ठाणे, पालघर, रायगडच्या वाचकांना वलगणीचे मासे सांगावे लागत नाहीत. रात्री कंदील घेऊन शेतांत उतरलेली माणसे, ओहोळात लावलेले बांबूचे सापळे, पाग घेऊन धावणारे काका, हे सारे आमच्या बालपणीच्या आनंदाचे ठेवे आहेत. मी स्वतः पोत्याने मासे घरी आणल्याचे आठवते, आणि आईने अंड्यांनी भरलेले मासे वेगळे काढून ‘ही चव वर्षातून एकदाच’ म्हटल्याचेही. त्या आनंदाला मी पाप म्हणणार नाही. पण तेव्हा गावे लहान होती, सापळ्यांतून निसटणारे पुष्कळ होते आणि ओहोळांत सांडपाणी नव्हते. आज प्रत्येक ओहोळाच्या तोंडाशी दहा-दहा माणसे उभी असतात. एका मोठ्या रोहूच्या पोटात लाखांनी अंडी असतात. ती मादी धरणारा एक मासा घेतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो पुढच्या वर्षाचा ओढा घरी नेत असतो.

जुन्या कराराच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि पिलांवर वा अंड्यांवर आई बसलेली असली, तर पिले घ्यायला हरकत नाही, पण आईला जाऊ द्यावे. संत थॉमस अक्विनास यांनी या नियमाचा विचार केला आणि त्यात माणसाच्या मनाला दयेची सवय लावण्याचा हेतू पाहिला. मला त्यात दयेबरोबर हिशेबही दिसतो. आई राहिली तर घरटे पुन्हा होईल. नियम संपूर्ण बंदी घालत नाही, भुकेल्याला उपाशी ठेवत नाही. तो फक्त मूळ तोडू नको म्हणतो. गंमत अशी की ही शिस्त आपल्या समुद्रावरच्या कोळ्यांना ठाऊक आहे. 1 जून ते 31 जुलै असे दोन महिने पश्चिम किनाऱ्यावरच्या यांत्रिक होड्या बंद असतात. हातावर पोट असलेला माणूस दोन महिने होडी ओढून ठेवतो. आणि ज्याचे पोट भरलेले आहे, जो केवळ विरंगुळ्यासाठी येतो, तो त्याच दोन महिन्यांत गोड्या पाण्यावर काठी घेऊन बसतो. हे मला अन्यायाचे वाटते, आणि त्या अन्यायात मी सामील होतो.

तर मग गळाचा शौक सोडूनच द्यावा का? काही सज्जनांचे तेच मत आहे, आणि त्यांच्याशी मी भांडणार नाही. पण माझे मन तिकडे पूर्णपणे वळत नाही. त्याचे कारण महसीर माशाच्या कहाणीत आहे.

आपल्या दख्खनच्या महसीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने 1839 साली केले. मासा मिळाला होता पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेत. साइक्सने इथल्या लोकांच्या तोंडची नावे उचलून माशांना शास्त्रीय नावे दिली. ‘खुद्री’ हे त्यातलेच एक. मी पुण्यात शिकत असताना त्याच नदीवरच्या पुलावरून शेकडो वेळा गेलो, नाकाला रुमाल लावून. पुढे धरणे, सुरुंगाने आणि विषाने होणारी मासेमारी आणि गढूळलेल्या नद्या यांमुळे महसीर सर्वत्र घटू लागला. सुरुंग आणि विष यांवर 1897 च्या कायद्यानेच बंदी आहे, हे येथे नमूद करतो. मग 1970 च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या तळ्याकाठी महसीराची कृत्रिम पैदास सुरू झाली. त्यामागे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचा अभ्यास होता. लाखो पिले तयार झाली, दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली. सर्वांना वाटले, केवढे पुण्याचे काम!

त्यातली काही पिले कर्नाटकात कावेरीत गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, पन्नास किलोच्या आसपास वाढणारा, जगात अन्यत्र न आढळणारा. आपल्याकडचा पाहुणा तेथे वाढत गेला आणि घरचा मासा दिसेनासा झाला. 2018 साली त्या माशाची ‘तोर रेमादेवी’ या नावाने शास्त्रीय ओळख पटली, आणि त्याच वर्षी तो अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. ज्यांनी पिले सोडली, त्यांच्या मनात लोभ नव्हता. पण सद्हेतू आणि ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगल्या हेतूने केलेल्या हानीचीही भरपाई करावी लागते, असे नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांला शिकवले होते.

ही हानी उघडकीस कशी आली, हे मात्र वाचकांनी ऐकावे. कावेरीकाठच्या एका तळावर शौकीन गळवाले येत, मासा धरून सोडून देत, आणि तळावरच्या वहीत टिपून ठेवत: किती तास बसलो, किती मासे मिळाले, कोणत्या रंगरूपाचे, किती वजनाचे. 1998 ते 2012 या काळातल्या सहा हजारांहून अधिक महसीरांच्या या नोंदी शास्त्रज्ञांच्या हाती लागल्या, आणि त्यांतून दिसले की माशांची एकूण संख्या वाढत असताना उंचवट्याचा मासा नाहीसा होत चालला होता. सरकारी खात्याकडे अशी वही नव्हती. कोळ्याला ती लिहायला सवड नसते. नदीकडे तासन्‌तास नुसते पाहत बसण्याची चैन ज्याला परवडते, त्याच्याकडूनच ती वही लिहून झाली.

मला वाटते, त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असलेच तर या वहीच्या आसपास आहे. मासा सोडून देणे हे ऋण फेडणे नव्हे. सोडलेला मासा अनेकदा तासाभराने खोल पाण्यात मरतो आणि आपल्याला तो दिसत नाही, एवढेच. माझी मादी डोळ्यांसमोर मेली, हा एका अर्थी माझ्यावर अनुग्रहच झाला. ज्याला सोडायचेच आहे, त्याने गळाचे उलटे काटेरी टोक पक्कडीने आधीच दाबून टाकावे, दोर मजबूत ठेवून मासा लवकर जवळ आणावा, कोरड्या हाताने त्याला शिवू नये, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे कवच असते. गळ पाण्यातच काढावा आणि मासा स्वतःच्या बळाने निसटेपर्यंत त्याला सरळ धरून ठेवावे. मे महिन्यात पाणी तापून त्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. तेव्हा बसूच नये. आणि कधी कधी एक मध्यम आकाराचा मासा रीतसर परवानगीने घेऊन, एका झटक्यात मारून, घरी कालवण करून खाणे हे दहा मासे दमवून सोडण्यापेक्षा अधिक प्रामाणिक असते. हे ऐकून माझे एक स्नेही माझ्यावर रागावले. त्यांच्या मते मी शौकाची प्रतिष्ठा घालवली.

याहून मोठे देणे पाण्याचे आहे. तुटलेला तंगूस काठावर टाकून उठणारा माणूस आपल्यामागे एक जिवंत फास ठेवून जातो. त्यात पाणकावळ्याचे पाय अडकतात, बगळ्याची चोच अडकते, आणि नायलॉन कुजत नाही. घरच्या काचपेटीतले कंटाळा आलेले मासे तळ्यात सोडणारेही आपल्यात आहेत, आणि त्यांनाही आपण जीवदान देतो असेच वाटते. आफ्रिकन मांगूर या माशाच्या पैदाशीवर आपल्या देशात बंदी आहे ती उगाच नाही. तो हाती लागेल ते गिळतो. मुंबईत पवईच्या तळ्यावर गळवाल्यांची जुनी संघटना आहे. जलपर्णी आणि सांडपाणी यांनी ग्रासलेल्या तळ्याकडे रोज पाहणारे डोळे तेथे आहेत, ही गोष्ट मी लहान मानत नाही.

येथे आपल्या हिंदू बांधवांची आठवण होते. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहात, महाड तालुक्यात वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून महसीर राखले गेले आहेत. तेथे गळ टाकण्याची कोणाची छाती होत नाही, आणि त्यासाठी पहारेकरी लागत नाही. पवित्र ग्रंथातला पहिला आशीर्वाद माणसाला मिळालेला नाही, हे आपण विसरतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात तो पाचव्या दिवशी पाण्यातल्या जिवांना आणि पाखरांना मिळतो, वाढा आणि पाणी भरून टाका म्हणून. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात प्रत्येक जिवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे असे शिकवले, ते या आशीर्वादाशी जुळणारेच आहे. मग आपल्या धर्मग्रामांच्या हद्दीत एखादे बावखल, एखादा डोह ‘हा राखलेला’ म्हणून का असू नये? वसईत बावखले बुजवून इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा आपण किती जण बोललो?

त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी मी पुन्हा जूनमध्ये भंडारदऱ्याला गेलो. काठी घरीच ठेवली होती. रतनवाडीच्या बाजूला एका ओढ्याशी सकाळपासून बसलो, आणि बरोबर शाळेची दोनशे पानी वही होती. पाऊस पडून गेल्यावर ओढा गढूळ झाला, आणि मग घोटाभर पाण्यात, दगडादगडांवरून, बोटाएवढे मासे उलटे चढू लागले. बारा-बारा वेळा मागे फेकले जात आणि पुन्हा येत. मी तास लिहिला, पाण्याची खोली लिहिली, मोजता आले तितके मासे लिहिले. गावातली दोन माणसे पाग घेऊन आली. मी त्यांना काही सांगितले नाही, कारण मासे त्यांच्या ओढ्याचे होते आणि मी पाहुणा. त्यांनी वही पाहिली आणि विचारले, सरकारकडून आलात का? नाही म्हटल्यावर एकाने शेजारी बैठक मारली आणि कोणता मासा कोणत्या नावाचा ते सांगू लागला. त्या दिवशी सात नावे लिहिली. त्यांतली तीन मी कधी ऐकली नव्हती.